धागा: आजोबांची .४२३ माउझर. ॲक्शन ठणठणीत, नळी गेलेली, दस्ता फुटलेला. पुढं काय?

वाघाडीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. घाटंजी तालुक्यात शेती आहे, अर्ध्या वावराला जंगल लागून. आजोबांची रायफल वडिलांकडे होती. वडिलांना सत्तर पूर्ण झाली तेव्हा ती माझ्या नावावर करून घेतली. (नियमात तशी सोय आहे. धारक सत्तरीचा झाला, किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं राहिलं, की हयातीतच वारसाला देता येतं. बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि मग बाप गेल्यावर धावपळ होते.)

रायफल माउझर ९८, मूळची शिकारी बांधणीची, फौजी नाही. नळीवर १०,७५×६८ असं कोरलेलं. आजोबा कायम 'चारशे तेवीस' म्हणायचे (तेच माप इंचात, .४२३). पन्नासच्या दशकात त्यांनी ती एका निवृत्त रेंज ऑफिसरकडून घेतली. तेव्हा शिकारीचे ब्लॉक मिळायचे, परमिट काढून लोक जायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ती खुंटीवर गेली ती गेलीच. वडिलांनी एकदाही बार काढला नाही, फक्त दसऱ्याला झेंडूचं फूल वाहिलं.

आता हालत सांगतो. ॲक्शन, म्हणजे काडतूस आत ढकलणारा बोल्ट आणि त्याचं लोखंडी घर (रिसीव्हर), ठणठणीत. बोल्ट ओढला की कुठं अडकत नाही, कुठं डगमगत नाही. नळीत उजेड धरून पाहिलं तर चक्री (गोळीला फिरवणाऱ्या पिळाच्या खाचा) दिसते, पण मधेमधे देवीचे वण असावेत तशी खड्डे पडलेली. दस्त्याला मानेत आडवी चीर, आजोबांनी त्यावर तांब्याची तार गुंडाळून वरून लाख भरलेली. तारेवर त्यांच्या हाताची झिलई आहे अजून.

बाहेरच्या देशात लोक अशा जुन्या ॲक्शनवर नवी रायफल बांधून घेतात. नवी नळी, अक्रोडाचा दस्ता, दुर्बीण. मी असले व्हिडिओ पाहून पाहून येडा झालो आहे. माझ्या डोक्यात .३०-०६ या अमेरिकन काडतुसाची नळी आहे. कुणी करून घेतलंय का आपल्याकडे? किती खर्च, कुठं, कसं?

---

जागल्या

भाऊ, पयले एक सांगा. कायले पायजे रायफल? डुकरासाठी असन तर इसरा. मी तीन सालापासून तुरीत जागल करून रायलो. डुक्कर येते रात्री दोन वाजता, पंधरा-वीसचं टोळकं. तुमी मचानावरून बार काढसान, गोळी डुकराच्या आरपार जाईन अन् पलीकडच्या मचानावर मी बसलो राहीन.

---

पुणेरी नेमबाज

छान विषय. माझं मत: .२७५ रिग्बी करा. म्हणजे ७×५७, जिम कॉर्बेटची रायफल. चंपावतची वाघीण मारल्यावर त्याला १९०७ मध्ये बक्षीस मिळाली होती. सौम्य धक्का, सरळ उडान. .३०-०६ म्हणजे अमेरिकन हौस.

---

जागल्या

कॉर्बेटले ऱ्हाऊ द्या त्याच्या डोंगरात. त्याले तुरीचं नुकसान नव्हतं होत. तीनशे पंधराची नळी बसवा, काडतूस तरी भेटते.

---

फिटरकाका

आयुध निर्माणीत, अंबाझरीला, चौतीस वर्षं काढली. बंदुका नाही बनवल्या, पण मायक्रोमीटर हातातून सुटला नाही. घरी बारा बोअर आहे आणि माउझरचा नाद जुना आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

जागल्या, .३१५ चं काडतूस म्हणजे मूळ ८×५० मानलिखर, त्याला बुडाशी रिम असते, बाहेर आलेली कड. इशापूरची रायफल त्या रिमेसाठीच बनलेली आहे. माउझर ९८ ची मॅगझिन आणि एक्स्ट्रॅक्टर बिनरिमेच्या काडतुसासाठी. दोन रांगांत काडतुसं बसतात, रिमेवर रिम चढली की अडकलं.

आता .३०-०६. ते मॅगझिनमध्ये लांबीला जेमतेम बसतं, ८४.८ मिलिमीटर. तुमचं १०.७५ त्याहून आखूड, म्हणजे मॅगझिनचा खोका आधी मोजावा लागेल. पण खरी गोम बोल्टच्या तोंडाशी आहे. .३०-०६ चं बूड १२ मिमी. १०.७५×६८ चं बूड त्याहून थोडं जाड. म्हणजे तुमच्या बोल्टचं तोंड कारखान्यातच जरा मोठं कातलेलं असणार. त्यात बारीक बुडाचं काडतूस सैल बसेल, एक्स्ट्रॅक्टरची पकड ढिली पडेल. आणि माउझरची सगळी पुण्याई त्या एक्स्ट्रॅक्टरमध्येच आहे! तो लांब पोलादी पट्टा काडतूस मॅगझिनमधून वर आल्याबरोबर बुडाला धरतो आणि रिकामं बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. रायफल उलटी धरा, आडवी धरा, काडतूस पडणार नाही. जनावर अंगावर येत असताना लोक याच भरवशावर उभे राहायचे.

नळीचे आटे हीसुद्धा एक गंमत आहे. जर्मन कारखाना, सगळं मिलिमीटरमध्ये, पण नळीचे आटे इंचाला १२ आणि कोन ५५ अंशाचा, म्हणजे चक्क विलायती विटवर्थ. तेव्हा कुणी 'आमच्या लेथवर करून देतो' म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

नळीवरचे शिक्के पाहा. मुकुटाखाली एन असेल तर ती धूरविरहित दारूसाठी तपासून पास झालेली आहे. आणि वर 'माउझर-वेर्के' लिहिलंय की 'वाफनफाब्रिक माउझर'? कंपनीचं नाव १९२२ मध्ये बदललं, त्यावरून वयाचा अंदाज येतो.

---

वाघाडीकाठ

काका, माउझर-वेर्के आहे. मुकुट आणि एन आहे. मुकुटाखाली यू आणि जी पण आहेत.

---

फिटरकाका

जी म्हणजे चक्रीदार नळी, यू म्हणजे तपासणी झाली. सगळं जागेवर आहे. वीसच्या दशकातली किंवा त्यानंतरची आहे रायफल.

---

वणीचा वकील

मंडळी, नळी-बोल्टच्या गप्पांत मजा येतेय, पण थोडं थांबा. धागाकर्त्यानं 'कुठं, कसं' विचारलंय म्हणून लिहितो.

शस्त्र अधिनियम १९५९. त्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे भाग येतात, शस्त्र बनवायची यंत्रंसुद्धा येतात. म्हणजे सुटी नळी हे कायद्याच्या डोळ्यात शस्त्रच. ती तुम्ही कुरियरनं मागवू शकत नाही, मित्राकडून आणू शकत नाही, भंगारातून घेऊ शकत नाही. कलम ५ सांगतं की शस्त्र बनवणं, दुरुस्त करणं, रूपांतर करणं, तपासणं, विकणं, सगळ्याला वेगळा परवाना लागतो. तुमचा परवाना बाळगण्याचा आहे. बिनपरवाना बनवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. गंमत नाही ही. आमच्या भागात ठासणीच्या बंदुका दुरुस्त करणारे दोन म्हातारे लोहार मी स्वतः जामिनावर सोडवले आहेत. बिचाऱ्यांना वाटत होतं विळा-कोयत्यासारखंच काम आहे.

दुसरं, बोअर, म्हणजे नळीच्या छिद्राचं माप. परवान्यावर जे बोअर लिहिलंय तेच तुमच्या हातात असलं पाहिजे. .४२३ ची .३०-०६ केली म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, परवानाधारक कारखान्यात काम, तपासणीचा शिक्का, मग परवान्यावर नवी नोंद. परवानगीशिवाय पाना नळीला लावू नका.

तिसरं, तुमच्या परवान्यावर नेमकं काय लिहिलंय ते भिंग लावून वाचा.

---

वाघाडीकाठ

वकीलसाहेब, तुम्ही म्हणालात म्हणून काढून पाहिलं आणि डोक्याला हात लावला.

वडिलांच्या जुन्या हस्तलिखित परवान्यावर .४२३ आहे. माझ्या नव्या परवान्यावर बोअर '१०७५' लिहून आलंय. जर्मन लोक टिंबाच्या जागी स्वल्पविराम देतात ना, १०,७५. टाइप करणाऱ्यानं स्वल्पविराम खाल्ला. एक हजार पंचाहत्तर बोअर! तोफ आहे म्हणजे माझ्याकडे.

---

जागल्या

तोफ असन तर डुक्कर येनारच नाई. बोर्ड लावून द्या वावरात.

---

वणीचा वकील

हसू नका, ही चूक नूतनीकरणाच्या वेळी डोक्यावर बसेल. जुन्या परवान्याची प्रत, वारसा हस्तांतराचा आदेश, नळीवरच्या कोरणीचा फोटो, असा अर्ज करा. दुरुस्त नोंद हातात येईपर्यंत रायफलीला पेचकससुद्धा लावायचा नाही. दोन महिने लागतील, चार लागतील. लागू द्या.

---

पुणेरी नेमबाज

दुर्बिणीबद्दल कुणी बोललंच नाही. ॲक्शनवर चार भोकं पाडून माउंट बसवता येतो.

---

फिटरकाका

भोकं पाडता येतात, बुजवता येत नाहीत. शिवाय ९८ चा बोल्टचा दांडा उचलला की वर येतो, दुर्बीण खाली बसवली तर तिला जाऊन आपटतो. मागचा सेफ्टीचा पंखही तसाच आडवा येतो. मग दांडा कापा, सेफ्टी बदला. एका भोकापायी सगळी रायफल बदलायची. जुन्या ॲक्शनची किंमत ती न छेडलेली असण्यात आहे, असं माझं मत. तुम्हाला पटेलच असं नाही.

---

नवेगावची पोर

मी शिकारीच्या बाजूची नाही, वाघ मोजायच्या कामाला जाते. तरी धागा वाचला. 'शिकारीची रायफल बांधायची' हे शीर्षकात नाही पण मनात आहे, म्हणून विचारते. १९७२ नंतर शिकार बंद आहे. मग हे कशासाठी? टिपेश्वर तुमच्यापासून किती लांब?

---

वाघाडीकाठ

प्रश्न रास्त आहे. टिपेश्वर जवळच आहे. शिकार करायची नाही, ते स्पष्ट लिहितो. परवाना पीक-संरक्षणाचा आहे, पण डुकरावर बार काढायलाही वनखात्याची लेखी परवानगी लागते आणि मी ती मागितलेली नाही, मागणारही नाही. झटका मशीन बसवली आहे, वरून साड्या बांधल्या आहेत.

कशासाठी म्हणाल तर ती मोडकी आहे म्हणून. घरात मोडकी वस्तू ठेववत नाही. बैलगाडीचा आस तुटला तर आपण गाडी विकतो का? याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

---

उमरखेडचा आन्ना

रायफल पाहिजेच तर २०१८ साली पांढरकवड्याला पाहिजे होती. दोन वर्षं लोक वाघिणीच्या

---

चालक

वरचा प्रतिसाद अर्धा ठेवून बाकी काढला आहे. अवनी वाघिणीचा विषय या धाग्यावर नको. त्यावर आधीचे तीन धागे कुलूपबंद आहेत आणि का आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे.

---

मेळघाट्या

विषयावर येतो. मला वाटतं धागाकर्त्यानं नळीचा नाद सोडावा आणि दस्ता करावा. मी धारणीकडे, वडिलांच्या बारा बोअरचा दस्ता बदलून घेतला आहे, त्यामुळे चुका सगळ्या माझ्या आहेत, तुम्ही नवीन करा.

सागवान घेऊ नका. आल्लापल्लीचं असो की आणखी कुठलं. सागवान दाराला, चौकटीला राजा आहे, दस्त्याला नाही. मानेत जिथं लाकूड बारीक होतं तिथं रेषेवर फाटतं. मी सागवानच केलं होतं, हौसेनं. अकराव्या बाराला चीर. अक्रोड सर्वात उत्तम: हलका, चिवट, कोरताना कड तुटत नाही. पण चांगला ठोकळा मिळवणं आणि त्याचे पैसे देणं दोन्ही अवघड. शिसव जड आहे, पण .४२३ सारख्या धक्क्याच्या रायफलीला वजन वाईट नाही. गोळीच साडेबावीस ग्रॅमची आहे म्हणे. हलक्या दस्त्यात ती खांदा काढेल.

लाकडाची रेषा मानेतून सरळ मागं गेली पाहिजे. रेषा तिरपी असेल तर कितीही सुंदर नक्षी असू द्या, घेऊ नका.

---

वाघाडीकाठ

शिसव म्हणालात आणि डोक्यात एकदम घरची बंगई (झोपाळा) आली. वाड्यातली बंगई साखळ्या तुटल्यापासून माळ्यावर पडली आहे. फळी शिसवीची, सव्वादोन इंच जाड. आजोबा दुपारी तिच्यावरच पडायचे. चालेल का?

---

फिटरकाका

साठ-सत्तर वर्षं घरात वाळलेलं शिसव! चालेल का काय विचारता. फक्त माळ्यावरून काढून खालच्या खोलीत ठेवा आणि आठवड्याला किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करा. लागोपाठ तीन आठवडे वजन हललं नाही की लाकूड बसलं समजा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४६ वर जातो आणि जुलैत भिंतीला बुरशी येते. लाकूड या दोन टोकांत हलतं, आणि तुमचा जुना दस्ता त्यानंच फुटला आहे.

कसा, ते सांगतो. रिसीव्हरच्या पुढच्या कड्याखाली एक ठोकळा असतो, धक्का तो लाकडाला देतो. उन्हाळ्यात लाकूड आकसलं, स्क्रू ढिले झाले, ठोकळा आणि लाकूड यांत फट पडली. आता बार काढला की सगळी ॲक्शन मागं सरकते आणि मागची शेपटी मानेत घुसते. शेपटी म्हणजे पाचरच. लाकूड फोडायला आपण पाचरच ठोकतो ना? नवीन दस्त्यात पुढचा ठोकळा लाकडाला पूर्ण टेकला पाहिजे आणि शेपटीच्या मागं कागदाची घडी जाईल एवढी मोकळी जागा पाहिजे. एवढं एक केलं तर दस्ता तुमच्या नातवापर्यंत जाईल.

---

वणीचा वकील

मेळघाट्याच्या सल्ल्याला माझाही दुजोरा, एक अट घालून. रायफल सुताराकडे ठेवून यायची नाही, एका रात्रीसाठीसुद्धा नाही. त्याच्याकडे परवाना नाही, पकडला तर तो आणि तुम्ही दोघे. सुताराकडे फक्त लाकूड आणि जुना रिकामा दस्ता द्या, बाहेरचा आकार तो त्यावरून काढेल. लोखंड आत बसवायचं काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे, पावती घेऊन.

---

(सुमारे पाच महिन्यांनी)

वाघाडीकाठ

मंडळी, हिशेब द्यायला आलो.

परवान्याची नोंद दुरुस्त झाली. सहा चकरा. तोफ गेली, .४२३ परत आली.

बंगईची फळी आमच्या सुतारानं चिरली. तो रेंग्या (हलक्या बैलगाड्या) बनवणाऱ्या घरातला, धावड्याचे आस आणि बाभळीची चाकं केलेला माणूस. त्यानं फळीवर आधी हात फिरवला, मग वास घेतला आणि म्हणाला, 'हे तं अजून गोड हाये.' शिसव कापताना खरंच एक वास येतो. जुना दस्ता शेजारी ठेवून चार दिवसांत बाहेरचा आकार काढला. तांब्याची तार मी सोडवून घेतली, डब्यात ठेवली आहे.

मग परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे. वय असेल सत्तरच्या पुढे. तीन दिवस मी समोर बसून होतो आणि जे पाहिलं ते लिहितोच. त्यानं रॉकेलची चिमणी पेटवली, वात मुद्दाम मोठी केली आणि ॲक्शनचं बूड त्या धुरावर धरलं. सगळं काजळीनं काळंभोर. मग ते अलगद लाकडात दाबलं, उचललं. जिथं लाकूड लागत होतं तिथं काळे ठिपके उमटले. पटाशीनं नुसते ते ठिपके खरवडले, रांधा मारल्यासारखं नाही, साल काढल्यासारखं. पुन्हा काजळी, पुन्हा दाब, पुन्हा ठिपके. पहिल्या दिवशी सात-आठ ठिपके होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं ॲक्शन उचलली तर ती दस्त्यासकट वर आली, स्क्रू न लावता. आणि आत पाहिलं तर सगळीकडे एकसारखा करडा रंग. तो काही बोलला नाही, फक्त चिमणी विझवली. शेपटीमागं त्यानं खरंच पोस्टकार्ड घालून पाहिलं, काका.

नळी त्यानं तपासली. चक्री पुढच्या टोकाशी शिल्लक आहे, खड्डे मधे आहेत. म्हणाला, खड्डे दारूमुळे नाहीत, टोपीमुळे (काडतुसाच्या बुडातली, ठिणगी पाडणारी) आहेत.

---

फिटरकाका

बरोबर बोलला. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की मागं क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ. ते हवेतलं पाणी ओढतं आणि नळी आतून गंजते. तेलानं ते जात नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही. म्हणून जुने शिकारी कॅम्पवर आल्याबरोबर नळीत उकळतं पाणी ओतायचे, मग कोरडं, मग तेल. तुमच्या आजोबांनी कुठल्यातरी एका पावसाळ्यात ते चुकवलं असेल. नळी बदलायचा विचार आहे का अजून?

---

वाघाडीकाठ

नाही. नळी तीच राहू दे. परवान्यावर तिचं बोअर आहे, तिच्यावर ते शिक्के आहेत. माळ्यावरच्या पेटीत सात काडतुसं निघाली, हिरवी पडलेली. ती वाजवायची नाहीत हे मला कळतं. वकीलसाहेबांना विचारून रीतसर जमा करतो. नवी मिळतील तेव्हा मिळतील.

आता दस्त्याला तेल. बाजारातलं वार्निश मारायचं नाही एवढं ठरवलं आहे.

---

मेळघाट्या

जवसाचं तेल! आपल्या विदर्भात जवस पिकतो आणि लोक पॉलिशचे डबे शोधत फिरतात. लंडनचे बंदूकवाले आजही जवसाचंच तेल लावतात. त्यात अल्कानेटचं मूळ घालून तांबूस रंग आणतात. त्या जातीचं मूळ आपल्याकडे पंसाऱ्याकडे मिळतं, रतनजोत. तेलात दोन दिवस टाका, तेल डाळिंबासारखं होतं. फक्त घाण्याचं कच्चं तेल वाळायला जन्म लागतो. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवस तेल घ्या. त्यात सुकवणी घातलेली असते, म्हणून चटणीत वापरू नका. बोटावर थेंब घेऊन तळहातानं गरम होईपर्यंत चोळायचं, जास्तीचं पुसायचं. पहिले आठ दिवस रोज, मग आठवड्याला. माझ्या बारा बोअरला चौदा हात दिलेत.

---

(तीन आठवड्यांनी)

वाघाडीकाठ

सात हात झाले. रंग असा आलाय की बायको म्हणाली, देव्हाऱ्याला पण लावा.

पण एक सांगायचं राहिलं, सगळ्यांनी वाचा. तेल पुसलेल्या चिंध्या मी चुरगाळून एका प्लास्टिकच्या बादलीत टाकल्या होत्या, गोठ्याच्या भिंतीला, सावलीत. दुपारी तीनच्या सुमारास वडिलांना जळका वास आला. बादलीतून धूर. आग लावली कुणी नाही, विडी ओढत कुणी नाही. पाणी ओतलं तर बादलीचं बूड वितळून गेलेलं. दोन हातांवर कडबा होता.

---

फिटरकाका

अरे बाप रे! माझीच चूक, आधी सांगायला हवं होतं. जवसाचं तेल वाळतं म्हणजे उडत नाही, हवेतला प्राणवायू ओढून घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. चिंधी पसरलेली असेल तर उष्णता निघून जाते. चुरगाळलेली असेल तर आतल्या आत साठते आणि आपोआप पेट घेते. कारखान्यात तेलाच्या चिंध्यांना झाकणाचा लोखंडी डबा असायचा तो याचसाठी. चिंधी एकतर तारेवर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

---

मेळघाट्या

मलाही माहीत नव्हतं. चौदा हात दिले, नशीबच म्हणायचं. आजच गोदामात जाऊन येतो.

---

नवेगावची पोर

फोटो टाका की. नुसतं वर्णनच वाचतेय.

---

वाघाडीकाठ

रायफलीचा फोटो इथं नको, वकीलसाहेब रागावतील. दस्त्याचा लोखंड न लावता काढलेला टाकतो रविवारी. बंगईच्या कडीचं एक भोक डाव्या बाजूला आलं होतं. सुतार म्हणाला बुजवतो. मी म्हटलं बुजव, पण शिसवीनं नको, दिसू दे. त्यानं तिवसाची खुंटी मारली. पिवळसर ठिपका आहे, एक रुपयाच्या नाण्याएवढा.

---

(दीड महिन्यानं)

वाघाडीकाठ

तातडीचा प्रश्न. आचारसंहिता लागली. सोमवारपर्यंत शस्त्र ठाण्यात जमा करायचं आहे. मागच्या निवडणुकीला एकानं जमा केलेली बंदूक दोन महिन्यांनी परत आणली तेव्हा तिला गंजाची मिशी फुटली होती. तेल अजून पुरतं मुरलेलं नाही. कशात गुंडाळून देऊ? घरी आजोबांची चामड्याची खोळ आहे.

---

वणीचा वकील

पावतीवर क्रमांक, बोअर आणि 'दस्ता नवीन, शिसवी, डाव्या बाजूस पिवळी खुंटी, तडा नाही' असं लिहून घ्या. लिहीत नसतील तर तुम्ही अर्जात लिहा आणि पोच घ्या.

---

फिटरकाका

चामड्याची खोळ अजिबात नको. चामडं ओल धरतं आणि कमावण्याचे क्षार लोखंडाला लागतात. ती भिंतीवर टांगा. नळीत आतून-बाहेरून तेलाचा पातळ हात, बोल्ट वेगळा पुसून. मग जुनी, पुष्कळ धुतलेली सुती साडी, तीन फेरे. प्लास्टिक नको, आत घाम धरतं.

---

जागल्या

साडी पयले घरात इचारून घेजा भाऊ. आमच्या घरच्या साऱ्या सुती साड्या तुरीच्या कुंपनाले हायेत, अन् बायको मले इचारते, तुमच्या डुकरायले चांगल्या दिसतात का म्हने.